परक्या शाळेंत इंग्रजी शिकतांना

घर बदलतांना आईबापांचा विचार होतो, मुलांचा क्वचितच. नोकरीसाठीं, पोटापाण्यासाठीं किंवा एखाद्या संकटामुळें कुटुंब देश सोडतें, तेव्हां सामानसुमानाबरोबर मुलेंही जातात, आणि आठपंधरा दिवसांच्या आंत अशा एका वर्गांत जाऊन बसतात कीं, तेथें शिक्षक काय बोलत आहेत ह्यांतील अक्षरही त्यांस कळत नाहीं. ह्याविषयीं मोठ्या माणसांची समजूत बहुधा एका वाक्यांत सांगतां येते : "पोरें काय, चार महिन्यांत बोलूं लागतील." ही समजूत अगदींच खोटी नाहीं, परंतु ती अर्धीच खरी आहे, आणि जो अर्धा भाग खरा नाहीं त्यापायीं पुष्कळ हुशार मुलांचीं वर्षेंच्या वर्षें फुकट गेलीं आहेत. आमच्या शाळेंतील मुलेंही हल्लीं आईबापांबरोबर परदेशीं जातात. म्हणून नवख्या मुलास इंग्रजी कोणत्या क्रमानें येतें, त्यास किती काळ लागतो, आणि त्या काळांत घरानें व शाळेनें काय केलें असतां बरें, ह्याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या कामीं पहिली साक्ष घ्यावयाची तर ती मेरी अँटिन हिची. तिचा जन्म १८८१ सालीं रशियन साम्राज्यांतील पोलोत्स्क ह्या गांवीं झाला. हें गांव आज बेलारूस देशांत आहे. घर ज्यू, घरची भाषा यिडिश. बाप १८९१ सालीं एकटाच अमेरिकेस गेला, आणि तीन वर्षांनीं, म्हणजे १८९४ सालीं, त्यानें बायकोमुलांस बोस्टन येथें बोलावून घेतलें. मेरी तेव्हां तेरा वर्षांची होती व इंग्रजीचा तिला गंधही नव्हता. त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत बोस्टनजवळील चेल्सी येथें बापानें तिला व धाकट्या भावंडांस शाळेंत नेऊन पोहोंचविलें. त्याचें स्वतःचें इंग्रजी मोडकेंतोडकें होतें. तरी हें काम त्यानें दुसऱ्या कोणावर सोंपविलें नाहीं.

तेरा वर्षांची मुलगी अगदीं पहिल्या इयत्तेंत, लहानग्यांच्या बांकांवर बसली. तेथें तिच्यासारखींच इंग्रजी न येणारीं पांचसहा मुलें होतीं. कोणी सहा वर्षांचें, तर कोणी पंधरा वर्षांचें. मिस निक्सन नांवाच्या शिक्षिकेनें त्यांचा एक निराळा लहानसा वर्ग केला. वाचावयाच्या गोष्टी होत्या मांजराच्या, कुत्र्याच्या आणि कोंबडीच्या. एवढ्या मोठ्या मुलीनें कोंबडीची गोष्ट वाचावयाची ह्यांत कमीपणा वाटण्यासारखें होतें. पण मेरीस तो वाटला नाहीं. पुढें १९१२ सालीं तिनें 'द प्रॉमिस्ड लँड' हें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें, त्यांत ह्या पहिल्या वाचनाचें वर्णन तिनें एखाद्या मेजवानीचें करावें तशा गोडीनें केलें आहे. शिक्षिका सबंध वर्गाचा धडा क्षणभर थांबवून आपल्या एकटीच्या अडचणीकडे लक्ष देत, ह्याची आठवण तर ती अठरा वर्षांनंतरही विसरली नव्हती.

तिच्या एका अडचणीची हकीकत आमच्या वाचकांस विशेष ओळखीची वाटेल. 'व्हिलेज' आणि 'वॉटर' हे दोन शब्द एकामागून एक घाईनें म्हणावयास गेलें कीं त्यांचे आरंभींचे उच्चार तिच्या तोंडीं अदलाबदल होऊन येत. इंग्रजींत हे दोन निराळे उच्चार आहेत. एक वरचे दांत खालच्या ओठास टेकवून काढावयाचा. दुसरा दांतांचा मुळींच संबंध न आणतां ओठांचा चंबू करून. आपला मराठी 'व' ह्या दोहोंच्या मध्यें कोठें तरी बसतो, आणि म्हणून आपण उच्चारलेले दोन्ही शब्द इंग्रज मनुष्याच्या कानास सारखेच लागतात. हें आरशापुढें उभें राहून दहा मिनिटांत समजतें. जिभेच्या वळणीं पडावयास मात्र महिने लागतात.

मेरी झपाट्यानें वर चढली. शाळेंत येऊन कांहीं महिने होतात न होतात तोंच तिनें बर्फावर लिहिलेला एक लहानसा निबंध तिच्या शिक्षिका मिस डिलिंगहॅम ह्यांनीं शिक्षकांच्या एका मासिकाकडे धाडला आणि तो छापून आला. परंतु एवढ्यावरच थांबलों तर वर सांगितलेली अर्धी समजूतच पक्की व्हावयाची. म्हणून तिची थोरली बहीण फ्रीडा हिचेंही नांव येथें घेतलें पाहिजे. त्या सप्टेंबरच्या सकाळीं दोघी बहिणी घराच्या दारांत क्षणभर उभ्या राहिल्या. मग मेरी शाळेच्या वाटेस लागली आणि फ्रीडा कामाच्या. मेरीनें हा प्रसंग मोठ्या कळकळीनें लिहिला आहे. एकाच घरच्या, एकच भाषा बोलणाऱ्या ह्या दोघी. त्यांच्यांत पुढें जें अंतर पडलें, तें मुख्यत्वेंकरून एकीस शाळेंतला वेळ मिळाला व दुसरीस मिळाला नाहीं ह्यामुळें पडलें, असें आम्हांस वाटतें. नवी भाषा येते ती वेळ देऊन येते, आणि लहान मुलाच्या बाबतींत तो वेळ दुसऱ्या कोणी तरी त्यास आपल्या पदरचा द्यावा लागतो.

आतां ह्या वेळांत घडतें काय तें पाहूं. नवखें मूल परक्या वर्गांत प्रथम कांहीं बोलतच नाहीं. हें मौन कधीं कांहीं आठवडे टिकतें, तर कधीं कित्येक महिने. आईबाप घाबरतात, शिक्षकांस वाटतें, मूल हट्टी आहे किंवा मंद आहे. वस्तुतः त्या वेळीं तें फार मोठ्या उद्योगांत गुंतलेलें असतें. छापील पुस्तकांत दोन शब्दांमध्यें जागा सोडलेली असते. बोलण्यांत ती नसते. 'व्हॉट इज युवर नेम' हे वाचणाऱ्यास चार शब्द आहेत. परंतु इंग्रज मूल ते एका दमांत उच्चारतें आणि ऐकणाऱ्याच्या कानावर एकच लांबलचक आवाज पडतो. ह्या आवाजाचे तुकडे कोठें पाडावयाचे, कोणता तुकडा पुनःपुन्हां येतो, तो आला म्हणजे सगळीं मुलें वह्या उघडतात कीं उभीं राहतात, हें सर्व मुकाट्यानें जुळवावें लागतें. तान्हें मूलही कित्येक महिने नुसतें ऐकतें व मग पहिला शब्द बोलतें. त्यास कोणी मंद म्हणत नाहीं. तेव्हां ह्या मौनास फार लवकर छेडूं नये. मात्र मूल आजूबाजूस काय चाललें आहे तें डोळ्यांनीं टिपीत आहे, कीं निराश होऊन खिडकीबाहेर पाहत बसलें आहे, हें शिक्षकानें ओळखलें पाहिजे. पहिलें मौन कामाचें आहे, दुसरें काळजीचें.

मौन सुटलें कीं चुका सुरू होतात, आणि ह्या चुका मोठ्या पाहण्यासारख्या असतात. पुष्कळ चुकांच्या मागें मुलाची स्वतःची भाषा उभी असते. चीनमधील कँटनी बोली बोलणारें मूल इंग्रजींत 'काल मी शाळेंत जातों' अशा थाटाचें वाक्य करतें, कारण त्याच्या भाषेंत क्रियापदाचें रूप काळाप्रमाणें बदलत नाहीं. 'काल' हा शब्द आला कीं काम भागलें. तेंच मूल मुलीस 'ही' व मुलास 'शी' असें खुशाल म्हणतें, कारण त्याच्या बोलण्यांत दोघांसही एकच सर्वनाम आहे. (आपल्या मुलांची ह्या ठिकाणीं निराळीच गंमत होते. मराठींत 'ही' म्हटली कीं ती बाई, आणि इंग्रजींत 'ही' म्हटला कीं तो पुरुष!) आपण 'टेबलावर' म्हणतों, म्हणजे वस्तु आधीं व 'वर' मागाहून, इंग्रजींत 'वर' आधीं सांगून मग वस्तूचें नांव घ्यावें लागतें. आपलें क्रियापद वाक्याच्या शेवटीं स्वस्थ बसून असतें. इंग्रजींत तें कर्त्याच्या पाठोपाठ धांवतें. 'अ' व 'द' हीं इवलींशीं उपपदें तर मराठींत नाहींत, रशियन भाषेंत नाहींत आणि चिनींतही नाहींत. मोठमोठे पदवीधर देखील त्यांच्यापुढें जन्मभर चांचपडतात. अशा चुकीवर तांबडी रेघ ओढणें सोपें आहे; पण मुलानें एका भाषेचा नियम दुसरीस लावून पाहिला एवढाच तिचा अर्थ असतो, आणि नियम लावून पाहणें हें कांहीं मंदबुद्धीचें लक्षण नव्हे.

एक अडचण व्याकरणाच्या पुस्तकांत सांपडत नाहीं. आपण आईला 'तूं' म्हणतों, गुरुजींना 'तुम्ही' आणि फारच थोर कोणी असल्यास 'आपण'. इंग्रजींत ह्या सर्वांस एकच 'यू'. चांगल्या वळणाच्या मुलास बाईंच्या तोंडाकडे पाहून 'यू' म्हणावयाचें म्हणजे जीभ जड होते, आणि मग तें बोलणेंच टाळतें. तसेंच वडील माणूस बोलत असतां मान खालीं घालावी ही आपली रीत. तिकडील शिक्षकास वाटावयाचें, मूल कांहीं तरी लपवीत आहे. ह्या दोन गोष्टी आईबापांनीं निघण्यापूर्वींच मुलास समजावून सांगण्यासारख्या आहेत.

असो. ह्या सर्वांतून मूल पार पडतें. वर्ष-दीड वर्षांत तें मैदानावर ओरडूं लागतें, भांडूं लागतें, विनोद करूं लागतें, आणि घरीं आनंदीआनंद होतो. खरी फसगत होते ती येथेंच.

खेळाच्या मैदानावरील इंग्रजी आणि पुस्तकांतील इंग्रजी ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा भेद अनुभवी शिक्षकांस थोडाबहुत ठाऊक होताच. पण तो स्पष्टपणें मांडला कॅनडांतील शिक्षणशास्त्रज्ञ जिम कमिन्स ह्यांनीं, १९७९ सालीं व त्यानंतरच्या लेखांतून. घरीं इंग्रजीहून निराळी भाषा बोलणाऱ्या मुलांविषयीं शिक्षकांनीं व मानसशास्त्रज्ञांनीं लिहिलेलीं चारशेंहून अधिक टिपणें त्यांनीं तपासलीं. त्यांत एक तऱ्हा वारंवार आढळली. मूल इंग्रजी सफाईनें बोलतें, म्हणजे भाषेची अडचण आतां उरली नाहीं असें धरावयाचें. मग इंग्रजींतूनच त्याच्या बुद्धीची परीक्षा घ्यावयाची. आणि गुण कमी पडले कीं दोष बुद्धीच्या माथीं मारावयाचा. टोरोंटो शहरांतील मुलांची माहिती पाहून कमिन्स ह्यांनीं दाखविलें कीं, नित्याच्या बोलण्याचें इंग्रजी साधारण दोन वर्षांत येतें. परंतु अभ्यासाच्या इंग्रजींत बरोबरीच्या मुलांस गांठावयास सरासरीनें पांच ते सात वर्षें लागतात.

दोन वर्षें कोठें आणि सात वर्षें कोठें! मधल्या काळांत मुलाचें बोलणें ऐकून सर्वांस वाटतें कीं त्यास सगळें येतें, आणि त्यासही तसेंच वाटूं लागतें. मग इतिहासाचा पेपर हातीं येतो.

ह्याचें कारण फारसें गूढ नाहीं. बोलण्यांत डोळे, हात, चेहरा आणि समोरची वस्तु हीं सगळीं मदतीस असतात. 'चेंडू इकडे टाक' हें कळावयास शब्द कळलेच पाहिजेत असें नाहीं. पुस्तकाचें पान कांहीं हातवारे करीत नाहीं. शिवाय तेथें ओळखीचे शब्द अनोळखी होऊन भेटतात. 'टेबल' म्हणजे मेज हें मुलास पहिल्याच दिवशीं येतें. अंकगणिताच्या तासास तोच शब्द पाढा किंवा कोष्टक होऊन बसतो. 'डिफरन्स' म्हणजे फरक. गणितांत ती वजाबाकीची बाकी. 'प्रॉडक्ट' हा बाजारांत माल, तर वर्गांत गुणाकार. 'व्हॉल्यूम' हा कधीं रेडिओचा आवाज, कधीं ग्रंथाचा खंड, आणि भूमितींत घनफळ. अशा शब्दांवर मूल अडतें, तेव्हां गणित चुकलें असें आपण म्हणतों. पुष्कळदां गणित चुकलेलें नसतें, प्रश्नच पोहोंचलेला नसतो. आणखी असें कीं, वर्गांतील इतर मुलें कांहीं त्याची वाट पाहत थांबलेलीं नसतात. त्यांचेंही इंग्रजी वर्षास वर्षाएवढें वाढत असतें. नवख्यानें एका वर्षांत दीड वर्षाचें शिकावें, तेव्हां कोठें अंतर कमी होऊं लागतें.

ह्या शर्यतींत त्याच्या बाजूनें एकच गोष्ट मोठी आहे, आणि नेमकी तीच आईबाप घाईंत टाकून देतात. ती म्हणजे स्वभाषेंत झालेलें शिक्षण. ज्या मुलास मराठींत 'प्रकाशसंश्लेषण' म्हणजे काय हें समजलेलें आहे, त्यास इंग्रजींत केवळ एक नांव पाठ करावयाचें असतें. ज्यास तें समजलेलें नाहीं, त्यास नांव व वस्तु दोन्ही एकदम शिकावीं लागतात, आणि तींही अर्धवट कळणाऱ्या भाषेंत. भागाकार एकदां येऊं लागला कीं तो भाषेबरोबर जात नाहीं. वाचनाचेंही तसेंच, अक्षरांतून अर्थ काढण्याची युक्ति एकदां साधली कीं दुसरी लिपि ही नुसती नवी वाट असते. अमेरिकेंत वेन थॉमस व व्हर्जिनिया कोलियर ह्यांनीं फार मोठ्या संख्येनें मुलांची माहिती गोळा केली, तींतही हेंच दिसून आलें कीं, स्वतःच्या भाषेंत कांहीं वर्षें शाळा शिकून आलेलें मूल, शाळाच न पाहिलेल्या मुलापेक्षां लवकर बरोबरीस येतें.

आपल्याकडचें उदाहरण पाहावयाचें असल्यास पंडिता रमाबाई ह्यांचें पाहावें. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या, त्या संस्कृतांतील पांडित्याबद्दल. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें साक्ष दिली ती मराठींत. इंग्रजी त्या सुमारास नुकतें कोठें शिकावयास घेतलें होतें. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या, त्या वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें. परंतु कानांच्या दोषामुळें तो बेत सोडावा लागला. ज्यास नीट ऐकूं येत नाहीं त्यानें परकी भाषा परक्या देशांत शिकावयाची, म्हणजे केवढें कष्टाचें काम, हें सांगावयास नको. पुढें चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत त्या इंग्रजी, गणित इत्यादि विषय शिकत व त्याच ठिकाणीं संस्कृत शिकवीत. ह्या व्यवस्थेंतील शहाणपण आम्हांस फार मोलाचें वाटतें. एका तासास विद्यार्थिनी आणि दुसऱ्या तासास अध्यापिका! त्यांस जें येत नव्हतें तें शाळेनें शिकविलें, पण जें येत होतें तें रिकामें पडूं दिलें नाहीं. १८८७ सालीं, म्हणजे इंग्लंडास पोहोंचल्यापासून अवघ्या चार वर्षांत, त्यांचें 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हें इंग्रजी पुस्तक अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. आणि १८८९ सालीं अमेरिकेच्या प्रवासाचें पुस्तक लिहिलें तें पुन्हां मराठींत. प्रत्येक मूल रमाबाई नसतें, हें खरें. तथापि प्रत्येक मूल कांहीं ना कांहीं शिदोरी घेऊन येतें.

निरनिराळ्या देशांतील शाळांनीं ह्या मुलांचें काय केलें, तें आतां थोडक्यांत पाहूं. न्यूयॉर्क शहरांत विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांतून येणाऱ्या मुलांसाठीं निराळे वर्ग काढण्यांत आले. त्यांस लोक 'स्टीमर क्लास', म्हणजे आगबोटींतून उतरलेल्यांचा वर्ग, असें म्हणत. तेथें कांहीं महिने इंग्रजी शिकवून मुलास त्याच्या वयाच्या वर्गाकडे धाडीत. वयाप्रमाणें वर्ग देण्याची ही कल्पना आम्हांस पसंत आहे. मेरी अँटिन लहानग्यांत बसून हंसतमुख राहिली, पण दहांतलीं नऊ मुलें तशीं राहणार नाहींत.

इंग्लंडांत निराळाच प्रकार झाला. लंडनच्या पश्चिमेस साउथॉल येथें १९५० नंतर पंजाबांतून आलेलीं पुष्कळ कुटुंबें वसलीं. १९६३ सालीं तेथील गोऱ्या पालकांनीं तक्रार केली कीं, शाळांत ह्या मुलांची गर्दी झाल्यानें आमच्या मुलांचें शिक्षण खोळंबतें. १९६५ सालच्या एका परिपत्रकानें सरकारनें सल्ला दिला कीं, एका शाळेंत परदेशांतून आलेल्या कुटुंबांच्या मुलांचें प्रमाण सुमारें एकतृतीयांशाच्या वर जाऊं देऊं नये. मग साउथॉलचीं मुलें रोज सकाळीं बसगाड्यांत बसवून दूरदूरच्या शाळांत नेण्यांत येऊं लागलीं. कारण सांगण्यांत येई भाषेचें. पण बसमध्यें कोणास घालावयाचें हें मुलास इंग्रजी येतें कीं नाहीं ह्यावरून न ठरतां, तें कोणत्या लोकांचें आहे ह्यावरून ठरे, आणि गोऱ्या मुलांस कोणी तिकडून इकडे आणीत नसे. शाळा सुटतांच बस निघावयाची, म्हणून शाळेनंतरचा खेळ बुडाला. आणि पहिलें इंग्रजी तर खेळांतच येतें! ज्या नांवाखालीं हें केलें, त्यासच तें मारक झालें. सत्तरीच्या दशकांत पालकांनीं जोराचा विरोध केला आणि अखेर ही पद्धति मोडली. ह्याच सुमारास, १९७५ सालीं, सर अ‍ॅलन बुलक ह्यांच्या समितीनें इंग्रजीच्या शिक्षणावरील आपल्या अहवालांत, मुलानें शाळेचा उंबरठा ओलांडतांना घरची भाषा बाहेर टाकून यावें अशी अपेक्षा करूं नये, असा स्पष्ट अभिप्राय दिला.

तिसरी गोष्ट सॅन फ्रॅन्सिस्कोची, आणि ती न्यायालयांत घडली. त्या शहराच्या शाळांत इंग्रजी न येणारीं २,८५६ चिनी मुलें होतीं; पैकीं सुमारें १,००० मुलांस इंग्रजीची कांहीं जादा शिकवणी मिळे, आणि उरलेल्या सुमारें १,८०० मुलांस कांहीं नाहीं. तीं सर्वांबरोबर बसत, सर्वांचींच पुस्तकें उघडीत आणि घरीं जात. शाळेची परीक्षा पास होऊन बाहेर पडावयास मात्र इंग्रजी येणें कायद्यानें आवश्यक होतें. कांहीं पालकांनीं दावा लाविला. तो 'लाऊ विरुद्ध निकल्स' ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. शाळाखात्याचें म्हणणें सरळ होतें : आम्हीं सर्वांस सारखेंच देतों. खालच्या न्यायालयांस तें पटलें. परंतु २१ जानेवारी १९७४ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें पालकांच्या बाजूनें निकाल दिला. न्यायमूर्ति डग्लस ह्यांनीं लिहिलेल्या निकालपत्राचा आशय असा कीं, ज्यांस भाषाच कळत नाहीं त्यांस तेच शिक्षक, तेंच पुस्तक व तोच बांक दिल्यानें समता होत नाहीं. अशा मुलांस शिक्षणाचें दार बंदच राहतें. पुढें कोणती पद्धति घ्यावी हें न्यायालयानें सांगितलें नाहीं. तें शाळेवर सोंपविलें. शिक्षकाच्या दृष्टीनें हा निकाल थोडा टोंचणारा आहे. बांकावर मूल बसलें कीं तें शिकत आहे असें मानण्याची संवय आमच्याही धंद्यांत कमी नाहीं.

आतां घराविषयीं. परदेशीं गेलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें पत्रानें विचारलें कीं, "मुलाच्या शिक्षिका घरींही इंग्रजीच बोला म्हणतात, आम्ही तसें करूं लागलों, पण मुलगा आतां आईशीं फारसा बोलतच नाहीं. काय करावें?" आम्हीं उत्तर धाडिलें कीं, उद्यांपासून मराठी बोला. कारणें दोन. आईचें इंग्रजी बेताचें असल्यास तिच्या तोंडून मुलास बेताचेंच इंग्रजी ऐकावयास मिळणार. तें त्यास बाहेर चांगलें मिळत आहे. परंतु मराठींत ती त्यास हिशेब, गोष्ट, चेष्टा, युक्तिवाद, उपदेश असें सर्व देऊं शकते, आणि अशा भरघोस बोलण्यांतूनच पुस्तकी भाषेस लागणारी विचाराची शक्ति येते. दुसरें कारण अधिक नाजूक आहे. मुलाचें इंग्रजी लवकरच आईबापांच्या पुढें जातें, आणि दवाखान्यांत, बँकेंत, सरकारी कचेरींत तेंच दुभाषी होतें. क्वचित् प्रसंगीं ह्यास इलाज नाहीं. पण शाळेंत आपल्याच प्रगतीविषयीं शिक्षक काय म्हणतात हें आईबापांस मुलानेंच भाषांतर करून सांगावयाचें, हें अत्यंत गैर आहे. तेथें दुसरा कोणी दुभाषी मागावा. घरांत मराठी चालू राहिली तर निदान घरांत तरी बाप बापच राहतो.

वाचनलेखनाची सोय पुष्कळ ठिकाणीं होऊं शकते. लंडनमध्यें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून आहे. उत्तर अमेरिकेंतील अनेक शहरांत मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशीं मराठी शाळा चालवितात. जेथें तेंही नसेल तेथें आठवड्यास एक पत्र आजोबांस स्वहस्तें लिहावयास लावणें हाही चांगला अभ्यास आहे. आजोबांनीं मात्र चुका न काढतां उत्तर धाडावें.

निघतांना आणखी एक करावें. मुलाच्या जुन्या वह्या रद्दींत घालूं नयेत. गणिताची, विज्ञानाची आणि निबंधाची अशा तीन तरी वह्या बरोबर घ्याव्यात, आणि पहिल्या दिवशीं दाखल्याबरोबर त्या शिक्षकांपुढें ठेवाव्यात. त्यांस मराठी वाचतां येणार नाहीं; पण अपूर्णांकांची बेरीज, त्रिकोणाची आकृति आणि पानाच्या शेवटीं पडलेले गुण हे कोणासही वाचतां येतात. वहींतील अंक देवनागरी असल्यास पहिल्या पानावर १ ते ९ आणि शून्य हे दोन्ही तऱ्हांनीं एकाखालीं एक लिहून ठेवावे, आणि तें काम मुलाकडूनच करवून घ्यावें.